तेरवीचा खर्च

ती केस आठवली की मी आजही एकटाच बसून हसतो, आणि अंगावर काटाही येतो. अपघातात पाय गेला म्हणून मी तरुणपणीच पोलीस खात्यातून रिटायर झालो. त्याआधी मध्य प्रदेशातल्या सौसरला सब-इन्स्पेक्टर होतो, पण असं काही पुन्हा पाहिलं नाही.

सकाळीच ठाण्यात फोन आला. रामाकोन्याकडं कन्हान नदीच्या पुलावर मोटरसायकल उभी, बाजूला चपला, माणूस नाही. गाडी सौसरच्याच एका मोबाईल दुकानदाराची निघाली. गुमशुदगी, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार नोंदवली, पंचनामा केला, नदीत गोताखोर उतरवले. त्याचा फोन बंद, शेवटचं लोकेशन तोच पूल. ठाण्यात सगळ्यांनी मनातल्या मनात त्याला मेलेला धरला होता.

पांढुर्ण्याच्या त्याच्या मित्राला समोर बसवलं. "मले काही मालूम नाही साहेब" चालू होतं. मी म्हटलं, "तिकडं पाण्यात माणसं उतरलीत, अन् तू इथं नाटक करून राहिला?" तसा तो फुटला. "शेअरच्या ॲपमध्ये लावत होता, साहेब. घर बांधाचे सारे पैसे बुडाले. वहिनीले सांगाची हिंमत नाही झाली."

त्याची बायको शाळेत मास्तरीण. तिला हे सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "घराचे गेले तं गेले. आमच्या विमानाचे तरी हाय का पाहू द्या."

विमानाचे? मग कळलं. दोघांच्या फोनवर घरखर्चाचं एकच ॲप होतं. एकानं लिहिलेलं दुसऱ्याला लगेच दिसायचं. त्यातच 'विमान' नावाची बचत होती, नागपुरातून एकदा तरी दोघांनी विमानात बसायचं म्हणून. तिनं ॲप उघडलं, आणि आजच्या तारखेला एंट्री! चहा, दहा रुपये.

मी खुर्चीतून उठलोच! पण आमचे हवालदार काका म्हणाले, "साहेब, रोजचा खर्च हाय. आपोआप पडाची सेटिंग असते त्याच्यात. माणूस गेला तरी चहा पडत राहीन."

खरंच तशी सेटिंग सापडली. तिचा चेहरा मला पाहवेना.

मी म्हटलं, "ताई, असं काही लिहा की तो जिवंत असला तर त्याला राहवलंच नाही पाहिजे."

तिनं थोडा विचार केला आणि विमानाच्या बचतीतून खर्च टाकला. 'तेरवीचं जेवण, पाचशे रुपये.'

काका म्हणाले, "बाई, काय लिहून राहिल्या!"

आम्ही तिघं त्या स्क्रीनकडं बघत बसलो. आणि थोड्या वेळानं ती ओळ गायब. पाचशे रुपये विमानात परत.

"फोन चोरानं ढापला असन तं?" काका अजून पोलीसच.

"चोराले माह्या विमानाची काय पडली, काका?"

मग तिनं खर्च लिहिला, 'घरी या, शून्य रुपये.'

उत्तर आलं! 'तोंड कसं दाखवू, शून्य रुपये.'

'हाय तेच दाखवा, दुसरं कुठून आनान, शून्य रुपये.'

मी आयुष्यात पुष्कळ जबाब घेतले, पण असा जबाब घेताना कोणाला पाहिलं नाही. तिचं बोट स्क्रीनवर तसंच टेकलेलं. मग एक ओळ उमटली. 'बस भाडं, जामसावळी ते सौसर, वीस रुपये.'

तेव्हा ती रडली.

पुलावरून पाय मागे घेऊन तो जामसावळीला मंदिराबाहेरच्या नाश्त्याच्या हॉटेलात प्लेटा धुवायला लागला होता. सिम काढून टाकलेलं, इंटरनेट हॉटेलवाल्याचं. स्टँडवर तो उतरला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चपला ठाण्यात जमा हाय. सही करून घ्या."

गुमशुदगीच्या अर्जात आपण वय, उंची, कपड्यांचा रंग लिहितो. त्या दिवसानंतर मी घरच्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारायचो, "तुम्ही सोबत कशासाठी पैसे जमा करून राहिले होते?" कोणी फ्रिज सांगायचं, कोणी पोरीचं कॉलेज. काही जण मात्र एकमेकांकडं बघायचे आणि त्यांना काही आठवायचंच नाही.

अशा माणसाला परत आणायला विमान नसायचं. तिथं मी शोधाची गाडी जोरात पळवायला सांगायचो.