अंधार मिळणेबाबत

उजेड टाळायला छत्री उघडणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला आणि तो नेमका माझा साडू निघाला, हे माझं प्राक्तन. नव्वद सालानंतर मी बँकेच्या बदलीवर लखनौला गेलो, तेव्हा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अलीगंजात घर बांधून चांगले मुरले होते. रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर. जेवणं झाली की शतपावलीला निघत, पायांत चपला आणि हातात काळी छत्री. दिव्याचा खांब आला की छत्री उघडायची, डोक्याच्या एका बाजूला तिरकी धरायची, दोन मिनिटं वर बघायचं आणि खांब मागे पडला की मिटायची. येणारेजाणारे पाऊस आहे का म्हणून तळहात पुढे करून पाहत. एकदा पानवाल्याने अदबीने चौकशी केली, तेव्हा साडूंनी तितक्याच अदबीने सांगितलं, "भाईसाहब, धूप लग रही है." मी दहा पावलं मागे राहून, हे गृहस्थ आपले कुणी लागत नाहीत अशा चेहऱ्याने चालत असे.

त्यांचा राग दिव्यांवर नव्हता, दिव्यांच्या बेशिस्तीवर होता. रेल्वेच्या सिग्नलला वर टोपी असते. उजेड ड्रायव्हरला दिसतो, शेतातल्या म्हशींना नाही. मग रस्त्याच्या दिव्याला टोपी घालायला यांना काय धाड भरली होती? निम्मा उजेड आभाळात उधळायचा, तारे गिळायचे आणि खालचा खड्डा मात्र होता तसा काळोखात ठेवायचा. वनस्पती तुपाचे डबे कापून त्यांनी स्वतः टोप्या बनवल्या आणि शिडी लावून गल्लीतल्या तीन खांबांवर चढवल्या. आठवड्यात वीजवाल्यांनी त्या उतरवून नेल्या. मग अर्ज सुरू झाले. दिवाबत्ती ज्या कचेरीकडे होती, तिथे एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. तिथले बाबू फार गोड बोलले. म्हणाले, "हुज़ूर, बत्ती लगवाने तो सारा शहर आता है. हटवाने आप पहले आए हैं." साडूंचा आवाज चढला. हटवू नका, खाली वळवा, एवढंच माझं म्हणणं, असं त्यांनी चारदा सांगितलं आणि शेवटी टेबलावर हात आपटून विचारलं, "आसमान में कौन टहल रहा है, जिसे आप रास्ता दिखा रहे हैं?" बाबूंनी चहा मागवला, अर्ज ठेवून घेतला आणि पुढच्याच महिन्यात साडूंच्या घराजवळच्या चौराह्यावर उंच खांब रोवून पिवळ्या दिव्यांचा घोसच्या घोस टांगला गेला. त्यानंतर त्यांच्या गच्चीवर कुठल्याही अमावस्येला पेपर वाचता येई, आणि ते खरोखर तो वाचून दाखवत, रागाने.

ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणत, तारे दिसत नाहीत तर एकदा डोळे तपासून घ्या, चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्यावर साडूंचं उत्तर ठरलेलं होतं: आधी त्यांचा दिवा बदलू दे, मग माझा चष्मा.

लखनौतल्या मराठी लग्नांत त्यांना बोलावताना लोक दोनदा विचार करत. सप्तपदीनंतर गुरुजी नवरानवरीला अरुंधती दाखवतात, म्हणजे बोट वर करतात आणि नमस्कार करायला सांगतात. एका लग्नात हे हॉलच्या आतच उरकलं. साडू उठले आणि यातली अरुंधती नेमकी कुठली, असं त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी पुन्हा बोट वर केलं. तिथे पंखा होता. ही दोघं आता जन्मभर पंख्याशी एकनिष्ठ राहणार, असं साडू वधूपित्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. थट्टा सोडली तर त्यांना ते मनापासून लागे. वसिष्ठाच्या शेजारी एवढीशी अरुंधती, दोघं कायम बरोबर. हे खोटं दाखवून संसार सुरू करायचा म्हणजे काय, असं ते विचारत.

त्यामुळे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, मीनूचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी वरपक्षाकडे एकच मागणी केली. आपल्या पोरीला खरी अरुंधती दिसली पाहिजे. वैशाखातला वद्य पक्ष, गोरज मुहूर्त, घराच्या गच्चीवर दर्शन. चौराह्यावरचा घोस आठ ते साडेआठ बंद ठेवावा म्हणून अर्ज गेला. बाबू म्हणाले, हो जाएगा. शिवाय वैशाखात लखनौची वीज आठ वाजता जातेच, या भरवशावर साडूंनी जनरेटरही सांगितला नाही. मीनू वैतागून म्हणाली, "बाबा, सब लोग लाइट के लिए जनरेटर लगवाते हैं, आप अँधेरे की मन्नत माँग रहे हैं."

आणि रोज न चुकता जाणारी ती वीज त्या दिवशी गेली नाही! शेजारच्या गल्लीत कुणी मंत्री जेवायला आले होते. आठ वाजले, सव्वाआठ वाजले, चौराहा दिवाळीसारखा पेटलेला. मलासुद्धा त्या बाबूचा, त्या मंत्र्याचा, त्यांच्या जेवणाचा असा संताप आला की विचारू नका. साडू गच्चीवरून खाली आले ते थेट माझ्यापाशी. "गाडी काढा," म्हणाले. पंगत मांडलेली, विहीणबाई फुगलेल्या. तशात माझ्या जुन्या फियाटमध्ये मुंडावळ्यांसकट नवरानवरी आणि पोटात काही नसलेले गुरुजी कोंबून आम्ही जानकीपुरमच्या पलीकडे गेलो. तिथे तेव्हा प्लॉटांच्या खुणेचे दगड होते, खांब नव्हते.

मी गाडीचे दिवे मालवले. थोडा वेळ काहीच दिसेना. मग एकेक करून सगळं आभाळ उघडलं. गुरुजी हळूच मला म्हणाले, तीस वर्षं दाखवतोय, पाहिली आजच. साडूंनी हात वर केला आणि बोट दाखवलं. बोट भलतीकडेच होतं. सप्तर्षी डोक्याकडे आणि यांचं बोट खाली, निंबाच्या झाडावर. जावई गोंधळला. मीनूने बापाचं मनगट धरलं, हात वर नेला आणि जागेवर आणून थांबवला.

"दोन दिसतात ना गं?" त्यांनी विचारलं.

"हाँ बाबा, दोनों. बड़ा वाला, और बिलकुल पास में छोटा."

"नीट बघून ठेव," ते म्हणाले. ते स्वतः तिच्याकडेच बघत होते. परतताना त्यांनी कुणालाही शिव्या दिल्या नाहीत, तेव्हाच त्यांच्या डोळ्यांचं मला काय ते समजलं. ताईंना मी ते कधी सांगितलं नाही.

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. जानकीपुरमला त्या जागी ओळीने खांब उभे आहेत, एकालाही टोपी नाही. मागे लखनौला गेलो तेव्हा ताईंनी त्यांची छत्री मला दिली. शतपावलीला बाहेर पडलो, खांबाखाली आलो आणि आजूबाजूला बघून ती उघडली. तिरकी धरली. दिवा आड झाला, आणि दोन मिनिटांनी त्या काळ्या कापडाच्या कडेपलीकडे खरंच सप्तर्षी उमटले. इतकी वर्षं मी दहा पावलं मागे का चालत होतो, याची मला फार लाज वाटली. वसिष्ठ सापडला. शेजारची अरुंधती काही केल्या दिसेना. ती दिव्याने खाल्ली की माझ्या डोळ्यांनी, ते कळायला मार्ग नव्हता. मी दिव्याला शिवी हासडली आणि छत्री मिटून घरी आलो.