मे महिन्यात मोजलेले ऊन

पार्ल्याहून निघाले तेव्हा सकाळ धुरकट होती. अंधेरीहून घाटकोपरपर्यंत मेट्रो, पुढे रिक्षा. गोवंडी जवळ आली तशी हवेला जळक्या प्लास्टिकची कडवट चव आली आणि ती दिवसभर जिभेवरून उतरली नाही.

घाटकोपरच्या टेकडीवरची झोपडी तुटल्यावर सुनंदाताई इथल्या पुनर्वसन इमारतीत आल्या. दुपारच्या सुनावणीत वाचायचे निवेदन नीट लिहून द्यावे, म्हणून त्यांनी मला बोलावले होते. दोन इमारतींमधली गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातल्या फोडणीने ताईंच्या घरात ठसका लागे. भिंतींना ओल, अकरा वाजताही दिवा. दिव्याखाली त्यांची मुलगी मनाली बसली होती. क्षयाच्या औषधांचा पाचवा महिना. डॉक्टरांनी सांगितले होते, ऊन-वारा घ्या. तो मिळे फक्त मागच्या मोकळ्या पट्टीवर, आणि तिथेच आता नवी इमारत येणार होती. वस्तीतल्या बायकांनी त्या इमारतीला हरकत घेतली होती.

हरकतीसोबत त्यांनी एक नकाशा दाखल केला होता. जमिनीवर ऊन पडेल तिथे दर तासाला खडूने रेघ ओढायची, मग ती कागदावर उतरवायची. ताईंनी त्याची प्रत उलगडली. साऱ्या गल्ल्या पिवळ्या रंगवलेल्या.

"हा कधी केलात?"

"मे महिन्यात. पोरांना सुट्टी, बायका मोकळ्या. का हो?"

मी बाहेर पाहिले. मे महिन्यात माथ्यावरचा सूर्य गल्लीत सरळ उतरतो. आता मार्गशीर्ष होता. कललेला सूर्य इमारतींच्या पाठीमागेच अडला होता.

मनाली खोकता खोकता हसली. "वाट लागली ना, आई! तुम्ही उन्हाळा मोजलात, आणि राहायचं बारा महिने."

"गप गं!" म्हणत ताई खडू घेऊन धावल्या. मागून चार-पाच जणी. भर दुपारी नवा कागद तयार झाला: मोकळी पट्टी पिवळी, बाकी सारे कोरे.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तो हातात घेतला नाही. नवे कागद देण्याची मुदत उलटली होती. "बाई, तुमच्याच नकाशात ऊन भरपूर आहे की."

हरकत फेटाळली गेली.

बाहेर आल्यावर ताईंनी नवा कागद घडी घालून पिशवीत टाकला. मग स्वतःशीच मालवणीत म्हणाल्या, "आमच्या गावाक वत (ऊन) मागूक लागणा नाय."

संध्याकाळी पार्ल्यात परतले. माझ्या खिडकीच्या कट्ट्याचा दिवसभर उन्हात तापलेला दगड अजून कोमट होता. त्यावर हात ठेवताना संकोच वाटला. त्या इमारती आखणाऱ्यांनी सूर्याचा विचारच केला नव्हता. बायकांनी केला, तो चुकीच्या महिन्यात. दोन चुकांपैकी एकीचीच शिक्षा झाली, आणि ती मनालीला. पाया खणायला माणसे येईपर्यंत ती रोज त्या पट्टीवर खुर्ची टाकून बसेल.