शेंदराखालची नऊ नावं

अन्याय झाला तो सुशीलाकाकू जगदाळे यांच्यावर, गेल्या सव्वीस जानेवारीला, सकाळी नऊ वाजता, भर मंडपात. बडोद्यात आमच्या वाडी भागातल्या हुतात्म्यांच्या नव्या संगमरवरी स्मारकाचं अनावरण होतं. नावं वाचली गेली. आठ. काकू नवव्यासाठी पदर सावरून उभ्याच राहिल्या, आणि पेढे वाटायला सुरुवात झाली. इकाहत्तरच्या युद्धात पडलेले त्यांचे यजमान, शिपाई गणपत जगदाळे, यादीतच नव्हते.

मी पत्रकं काढणारा माणूस. मराठीत काढलं, गुजरातीत काढलं, महापालिकेतल्या साहेबांच्या टेबलावर आपटलं. लष्कराच्या कागदांवर गाव साताऱ्याकडचं. साहेब म्हणाले, "शहीद खरे, पण बडोद्याचे कशावरून? हुतात्म्यांच्या जुन्या शिळेवर नाव होतं म्हणता, तर पुरावा आणा." ती शिळा गटाराच्या खोदकामात गेली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तिचा फोटो कुणाकडे नाही.

काकू म्हणायच्या, "मी मारुतीला सांगितलंय." गल्लीतल्या पिंपळाखालच्या मारुतीला त्या दर शनिवारी तेल घालतात.

"काकू, तुमच्या मारुतीची महापालिकेत ओळख आहे का?"

"तुझी आहे ना? मग तू काय दिवे लावलेस?"

खरं होतं. श्रावण आला तोवर माझे सगळे अर्ज परत आले होते. काकूंचे गुडघे धरले होते. एका शनिवारी त्यांनी तेलाची वाटी माझ्या हातात दिली, "आज तू जा." देव मी मानत नव्हतो, पण त्यांना नाही म्हणवलं नाही.

पिंपळाखाली पांढऱ्या टोपीतले एक अनोळखी काका मारुतीचा शेंदूर चाचपत होते. म्हणाले, "भाई, आ तो छूटे छे. जरा हाथ राखो ने!" सुटतंय म्हणाले, म्हणून मी आधाराला हात लावला, आणि वर्षानुवर्षं चढलेलं ते चार बोटं जाड कवच, चांदीच्या डोळ्यांसकट, माझ्या कवेत आलं. आत मारुती नव्हता. अक्षरं होती. शर्टाच्या बाहीने पुसलं. नऊ ओळी. सहावी: शिपाई गणपत जगदाळे, वाडी, बडोदे.

वर पाहिलं तर काका निघून गेले होते. पुन्हा कधी दिसले नाहीत. ते कोण होते यावर मी वाद घालणार नाही, आणि वाद न घालणं माझ्या स्वभावात नाही. इतकंच सांगतो की त्याच दगडाला टेकवून मी महिनोन्महिने पत्रकांचे गठ्ठे ठेवले होते. खोदकामानंतर शिळा दिसेना आणि पिंपळाखाली मारुती आला, याची सांगड आमच्यापैकी एकालाही घालता आली नाही. सगळं मीच करतोय असा माझा ताठा होता. माझ्या वाट्याला फक्त हात लावणं होतं, तेही दुसऱ्याने सांगितल्यावर.

काकूंना घेऊन आलो. त्यांचा देव गेला, आता काय म्हणतील, याची मला धास्ती होती. त्यांनी सहाव्या ओळीवरून बोट फिरवलं आणि खुदकन हसल्या. "म्हणजे इतके शनिवार मी ह्यांनाच तेल घालत होते होय!" मग मान ताठ करून म्हणाल्या, "आणि बाकीच्या आठांनाही. बरं झालं. आमच्या गल्लीने त्यांना उपाशी ठेवलं नाही."

असा अभिमान मला एकाही पत्रकात लिहिता आला नव्हता.

साहेब शिळा पाहून गेले. संगमरवरावर अजून आठच नावं आहेत. तेव्हा येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता वाडीतल्या पिंपळाखाली या. तेलाची वाटी आणा किंवा आणू नका. पण त्या शिळेसमोर उभे राहा आणि नऊच्या नऊ नावं मोठ्याने वाचा.