पलीकडचा पिंपळ

डोंगर चढताना यमुनाबाई कायम सगळ्यांच्या मागे चालायच्या. पाय दुखायचे म्हणून नाही; आमच्या चौघींत त्यांचेच पाय सर्वांत दणकट. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि बाळंतपणांसाठी खेडोपाडी पायी हिंडायच्या. मागे राहिलं की कोण थकलंय, कोण लंगडतंय ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं. कुणी पुढे पळालं की मागून आवाज यायचा, "ए मास्तरीणबाई, वर काय एसटी उभी हाय का? थांब की जरा!"

मास्तरीणबाई म्हणजे मी. भोकरदनला शाळेत शिकवत होते. तिसरी पोस्टातल्या कारकुनाची बायको वत्सला आणि चौथ्या शिवणकाम करणाऱ्या शकीलाआपा. बहात्तरचा दुष्काळ सरून पाऊस पुन्हा नीट पडायला लागला, तेव्हाची ही गोष्ट. दसरा झाला की दिवाळीपर्यंत रविवारी सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरायचं आणि डोंगराला लागायचं. घरी सांगायचं, सीताफळं आणायला जातो. नुसतं फिरायला जातो म्हटलं असतं तर एकीलाही कुणी पाठवलं नसतं.

यमुनाबाईंचा नियम एकच. "बराबर जायचं, बराबर माघारी फिरायचं." त्यामुळे आम्ही कधी माथ्यावर पोचलोच नाही. कधी आपांची चप्पल तुटे, कधी वत्सलाच्या सासूला बरं नसे, कधी मलाच पेपर तपासायचे असत. एकीला परतायचं झालं की चौघी परतायच्या. मग उतारावर बसून यमुनाबाई पिशवीतला चिमटा काढायच्या आणि आमच्या पातळांच्या काठांत रुतलेली कुसळं एकेक करून उपटायच्या.

माथ्यावर जायची निकड खरी त्यांनाच होती. डोंगरापलीकडे त्यांचं माहेर. नवरा वारल्यावर भाऊ न्यायला आला, पण त्या गेल्या नाहीत. नर्सचं शिक्षण घेऊन नोकरीला लागल्या. भाऊ म्हणाला, आता दारात पाऊल ठेवू नको. त्याही म्हणाल्या, न्हाई ठेवत. दोघंही शब्दाला पक्की.

"पन वरून बघितलं तर पाऊल थोडंच पडतंय?" त्या म्हणायच्या. "दारासमोर हा एवढा पिंपळ हाय आमच्या. पाऊस सरला की वरून साफ दिसतो. लहानपनी गुरं घेऊन आल्ते ना मी."

मी एकदा स्पष्टच विचारलं, "मग एखाद्या दिवशी एकट्या का जात नाही?"

"एकटीनं बघून काय करू? कुनाला दाखवू, ह्यो माझा पिंपळ म्हून?"

शेवटच्या वर्षी माथा अगदी जवळ आला होता. वरचं पिवळं गवत हलताना दिसत होतं. तेवढ्यात वत्सला मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक. यमुनाबाईंनी नाडी धरली, मग पोटावर हात ठेवला.

"कितवा महिना?"

"चौथा," वत्सला पुटपुटली. "सांगितलं असतं तर तुम्ही आणलं नसतं."

"न्हाईच आनलं असतं! येडी हायस का तू?"

पाणी पिऊन ती जरा सावरली. मी म्हटलं, "आम्ही दोघी बसतो हिच्यापाशी. तुम्ही वर जाऊन या."

"जाओ ना बाई," आपा म्हणाल्या. "हम हैं ना इधर."

यमुनाबाईंनी एकदा वर पाहिलं. खोचलेला पदर आणखी घट्ट खोचला. मला वाटलं, निघाल्या.

"चला खाली," त्या म्हणाल्या.

उतरताना त्यांनी वत्सलाचा दंड सोडला नाही आणि तिला बोलणंही सोडलं नाही. "पोरगं होऊ दे तुझं. सांगनार हाय त्याला, तुझ्या मायपायी माझं गाव बघायचं ऱ्हायलं म्हून. बिलकुल सोडनार न्हाई." वत्सला रडता रडता हसत होती. यमुनाबाई मात्र हसत नव्हत्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वत्सलाला मुलगी झाली, यमुनाबाईंच्याच हातांनी. पाठोपाठ त्यांची परतूरला बदली झाली. निघताना त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. "दसऱ्याला येते मी. तवर तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

पावसाळ्यात काविळीने त्या गेल्या. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. भाऊ येऊन गेला म्हणे. आता येऊन काय उपयोग, असं मी म्हणाले आणि वह्या तपासायला बसले.

दसऱ्यानंतर आम्ही तिघी गेलो. वत्सलाच्या कडेवर पोरगी होती. सगळ्यांत मागे मी चालले. कुणीतरी चालायला हवंच होतं. कुणाची चप्पल तुटली नाही, कुणाला घाई नव्हती. माथ्यावर सहज पोचलो. वाट इतकी सोपी निघाली, याचाच मला राग आला.

हवा स्वच्छ होती. पलीकडे खाली पाच-सहा गावं दिसत होती आणि प्रत्येक गावात एक मोठं झाड.

"इसमें उनका कौनसा?" आपांनी विचारलं.

गावाचं नाव आम्हाला ठाऊक होतं, पण वरून नाव कुठे दिसतं? वत्सलाने पोरीला उंच धरलं आणि एकदा या झाडाकडे, एकदा त्या झाडाकडे वळवलं. मग खाली बसली. मी पिशवीतून चिमटा काढला आणि तिच्या पातळाच्या काठातली कुसळं उपटायला लागले.