एसीला पांघरलेली गोधडी

मी एकदा एसीला गोधडी पांघरली होती.

नुसती पांघरली नव्हती, सुंभाने आवळून बांधली होती. वर दोन पावलं मागे सरून "आता कसा निवांत बसला बघा!" असं स्वतःचं कौतुकही करून घेतलं होतं. तेव्हा मी तरुण होते हो. साठी नुकतीच उलटली होती. त्या अडाणी वयात माणसाला वाटतं, आता आपल्याला शिकायचं असं काही उरलेलंच नाही!

माझी सुजाता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमचं घर पोलादपूर तालुक्यात, कापडे गावापासून आणखी वर, डोंगराला टेकून. पौषात तिथे खोबरेलाची बाटली मांडीवर घेऊन चुलीपाशी बसावं लागतं, तेव्हा कुठे एक थेंब सुटतो. सुजाताला मुलगी झाली, आम्ही जिलब्या वाटल्या, आणि तिसऱ्याच दिवशी महाडहून विहीणबाईंचा फोन. विहीणबाई बाजारपेठेत राहतात. घराखाली औषधाचं दुकान आहे, म्हणून निम्मं डॉक्टरपण आपल्याकडेच आहे असं त्या धरून चालतात.

"विहीणबाई, खोलीत शेगडी ठेवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय ना? धूर बाळाच्या छातीत जातो. मग त्या तुमच्या रानातल्या थंडीत माझी नात गारठून जायची. मी आपली दोघींना महाडला घेऊन येते."

माहेरी आलेली बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत सासरचे उचलून नेतात, म्हणजे वाडीत काय बोलतील? "आईला एक खोली ऊबदार ठेवता आली नाय!" मला पुढची दहा वर्षं हळदीकुंकवाला मागच्या दारानं जावं लागलं असतं.

"काही गरज नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे एसी आहे."

"थंडीत? एसी?"

"गरम हवेचा!"

"असं? मग रविवारी येतेच बघायला. बाळाला पण आणि एसीला पण. आणि खोली गार असली तर गाडी घेऊनच परत जाईन हं."

एसी खरंच होता. आमच्या मुंबईच्या चिरंजीवांना आदल्या मे महिन्यात चार दिवस गावचा उकाडा सोसेना, म्हणून त्यांनी बसवून घेतला होता. चार दिवस झोपले आणि गेले. मग पावसाळाभर मागच्या परसातला त्याचा बाहेरचा डबा निळं प्लास्टिक गुंडाळून, गोठ्याशेजारी, सुतकात असल्यासारखा बसून होता. मी लगेच चिरंजीवांना फोन लावला.

"आये, सोपं हाय. आतली जाळी काढून धू. बाहेरचं प्लास्टिक काढ. डब्याभोवती पालापाचोळा असेल तो झाड आणि चारी बाजूंनी मोकळं ठेव, त्याला वारा लागला पायजे. मग रिमोटवर सूर्याचं चित्र लाव."

मी जाळी शिकेकाईने धुतली (तिच्यात इतकी धूळ होती की वाफा करून मेथी टाकता आली असती), प्लास्टिक काढलं, पाचोळा झाडला आणि रिमोटवरच्या सूर्याला नमस्कार करून बटण दाबलं. काय सांगू! थोड्याच वेळात खोली अशी ऊबदार झाली की बाळाने मूठ सोडली, सुजाताने शाल सोडली, आणि आमच्या ह्यांनी तिथेच घोरायला सुरुवात केली.

इथे मी गप्प बसले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण गप्प बसणं माझ्या माहेरीही कुणी शिकवलं नाही आणि सासरी शिकवायची कुणाची छाती झाली नाही.

मी परसात गेले, सहज डब्यापुढे हात धरला, आणि काळजात चर्र झालं. त्यातून गारेगार वारा येत होता! बिचारा आत माझ्या नातीला ऊब देत होता आणि स्वतः बाहेर कुडकुडत होता. शेजारी गोठ्यात आमची हरणी गाय पाठीवर गोणपाट घेऊन रवंथ करत उभी होती. आमच्याकडे रीतच आहे, थंडीत दुभत्या गाईला उघडं ठेवायचं नाही. गाय गारठली की दूध आखडते. मग जे गाईला, तेच एसीला! ह्याच्याच अंगात ऊब राहिली नाही, तर आत काय देणार? 'मोकळं ठेव' म्हणे! मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला पळालेल्या पोराला थंडीतलं काय कळतंय!

मी डब्याला गोणपाट घातलं.

संध्याकाळी खोलीतली ऊब थोडी उतरली. म्हणजे एक गोणपाट पुरत नव्हतं, हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी मी डब्याभोवती भाताचा पेंढा लावला आणि वरून दुसरं गोणपाट. ऊब आणखी उतरली. मग माझी लग्नातली गोधडी काढली, जिला मी सुजाताच्या बापालाही कधी हात लावू दिला नव्हता. तिनेही भागेना. शनिवारी आमचे हे घरभर काहीतरी शोधत फिरायला लागले.

"माझी घोंगडी कुठं गेली गो?"

"बाहेर. एसीच्या अंगावर."

"आणि मी काय पांघरू?"

"तुम्ही चुलीपाशी बसा. तुम्हाला कुठं कोण बघायला येतंय!"

हे परसात जाऊन बघून आले. "अगो, एवढं केलंस तर त्याला पेंड पण घाल थोडी. आणि सकाळी धार काढायला मला बोलव!"

माणसाला मदत करायची नसली की तो विनोद करतो. मी लक्षच दिलं नाही.

रविवारी विहीणबाई आल्या. हातात डिंकाचे लाडू, खांद्यावर शाल, आणि डोळ्यांत तपासणी. खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांनी शाल डोक्यावरून घेतली.

"विहीणबाई, हा चालू आहे का?"

"चालू म्हणजे काय! कालपासून नुसता पेटलाय," असं म्हणून मी पदराने वारा घ्यायला लागले. "बाई बाई, काय उकडतंय!"

बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघाली. विहीणबाई त्या वाफेकडे बघत राहिल्या. सुजाताने बाळाला दुपट्यावर दुपटं गुंडाळलं होतं; आत मूल आहे की भाकऱ्या बांधल्यात ते कळत नव्हतं. तेवढ्यात त्या बोचक्याला शिंक आली. एवढीशी, मांजरीच्या पिलासारखी. पण खोलीत तोफ उडाल्यासारखं झालं.

"झालं!" विहीणबाई उठल्या. "मी गाडी बोलावते. सुजाता, सामान बांध."

"अहो, आत्ता तापेल! नवीन आहे, लाजतोय जरा माणसांना..."

"लाजू दे. महाडला कुणी लाजत नाही."

"तुमच्याकडं ऊब असेल हो," माझाही तोल गेला, "पण वारा फिरला की कारखान्यांच्या धुरानं घरात बसून कांदा न चिरता डोळ्याला पाणी येतंय, ते बाळाला चालतंय वाटतं?"

"डोळ्याला पाणी येतं, नाकाला नाही!" असं सुनावून त्या फोन घेऊन परसात गेल्या. आमच्याकडे फोनला रेंज फक्त गोठ्यापाशी येते. मला देव आठवले. सुजाताने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती लहान असताना मी तिची पाटी फोडली तेव्हा बघितलं होतं.

"विहीणबाई," बाहेरून हाक आली. आवाज फार सावकाश होता. "जरा बाहेर या बघू."

गेले. हरणीने दावं तोडलं होतं. डब्याभोवतीचा पेंढा तिने मन लावून खाल्ला होता, पेंढ्यासाठी गोणपाटं ओढली होती, आणि आता माझ्या लग्नातल्या गोधडीचं एक टोक तोंडात धरून मान हलवत होती. सुंभ तटकन तुटला, घोंगडीसकट सगळं शेणात पडलं. आणि आतून डब्याची जाळी दिसली. पांढरीशुभ्र! मी बोट लावलं. बर्फ!

आमच्या तालुक्यात बर्फ पडलेला कुणी ऐकलेला नाही. तो पहिल्यांदा पडला माझ्या गोधडीच्या आत. (चिरंजीवांनी नंतर समजावलं: तो डबा बाहेरच्याच हवेतून ऊब ओढून आत पोचवतो. मी त्याचं नाकतोंड बांधून, वर 'श्वास का घेत नाय' म्हणून आणखी आवळत होते.)

आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. डबा थांबला. फुस्स करून त्याने लांब उसासा टाकला, अंगातून वाफ निघाली, बर्फाचं पाणी होऊन धारेला लागलं. हरणी ते पाणी चाटून बघून मागे सरली. थोड्या वेळाने पंखा गरगरला आणि आतून सुजाताची हाक आली:

"आये! गरम यायला लागलं गो! काय केलंस?"

मी शेणातली गोधडी उचलायला वाकले. विहीणबाईंनी फोन कमरेला खोचला, हरणीच्या गळ्याखाली खाजवलं, आत जाऊन ताटातला एक डिंकाचा लाडू आणून तिला भरवला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"विहीणबाई, सून आणि नात सव्वा महिना तुमच्याकडेच राहू देत. एसीचं काय ते तुमची गाय बघेल. तुम्ही तेवढ्या तिच्या जागी दावणीला उभ्या राहा."