एका सालीवर पाच

सरकारी बागेच्या काचघरात तिनं तीस वर्षं ऑर्किडं सांभाळली, आणि तीस वर्षं तिचा एकच नियम होता. झाडाच्या सालीचा हातभर तुकडा घ्यायचा, त्यावर ओलं शेवाळ अंथरायचं, झाड ठेवायचं, नायलॉनच्या दोऱ्यानं बांधायचं. एका सालीवर एक झाड. शेजार नाही, भांडण नाही. बागेतले लोक तिला ऑर्किडबाई म्हणत. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि काचघराच्या दाराशी असलेली भिंत तिच्या हातानं सजवून घ्यायची, खाली तिच्या नावाची पाटी लावायची, असं बागेच्या साहेबांनी ठरवलं होतं. तिनं वरवर "कशाला उगाच" म्हटलं होतं. पण पाटी कोणत्या रंगाची असेल इथवर तिचा विचार पोचलेला होता.

घरी तिला ताई म्हणणारं एकच माणूस होतं, धाकटी बहीण. नवरा गेल्यावर धाकटी दोन बॅगा आणि एक शिलाई मशीन घेऊन तिच्याकडे राहायला आली. आयुष्यभर तिनं शाळेचे गणवेश शिवले होते. झाडांतलं तिला काही कळत नव्हतं, आणि ताईला ते बरं वाटे. माणसाला घरात निदान एका गोष्टीत तरी वरचढ असावं लागतं.

ताईच्या गॅलरीत सालीचे अकरा तुकडे टांगलेले होते, परीक्षेला बसवलेल्या मुलांसारखे एकमेकांपासून लांब. खाली कोपऱ्यात एक बादली. जगायची लक्षणं नसलेली रोपं ती तिच्यात टाकी.

"ही टाकलीयस ना?" एकदा धाकटीनं बादलीत वाकून विचारलं. "मी घेऊ?"

"घे. पण एका सालीवर एकच बांध."

"साल एकच आहे की गं."

"मग एकच झाड बांध."

धाकटीनं पाच बांधली. पाच जातींची पाच. वर जाड पानांचं, ज्याला थंडीत पाण्याचं वावडं. तळाशी नखाएवढ्या पातळ पानांचं, ज्याला रोज ओलावा लागतो. मधे आणखी तीन, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ताईनं एका नजरेत ओळखलं की हा संसार चालायचा नाही. एकाला जगवावं तर दुसरं कुजणार. हे ती सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही. स्वतःशी म्हणाली, शिकेल आपल्या हातानं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. तिला ती साल मेलेली बघायची होती.

मग ती वाट बघू लागली. सकाळी चहाआधी गॅलरीत जायची, आपल्या अकरांकडे न बघता त्या पाचांकडे बघायची. कुठं पान पिवळं पडलंय का. कुठं देठ मऊ लागतोय का. महिना गेला, दोन गेले. मुळांना हिरवी टोकं फुटली आणि सालीच्या भेगांत शिरली. एकाचं मूळ दुसऱ्याच्या अंगावरून गेलं, आणि त्या दुसऱ्यानं हूं की चूं केलं नाही. चौथ्या महिन्यात तीन झाडं एकदम फुलली. तळाशी पिवळे ठिपके, मधे जांभळा तुरा, आणि बाजूला एक पांढरं फूल, इतकं शांत की ताईला त्याचा राग आला.

घरी येणारा जाणारा त्या सालीपाशी थांबू लागला. शेजारीण तर अकरांच्या मधून वाट काढून तिथं पोचायची, जणू बाकीची दोरीवर वाळत घातलेली धुणी.

"हात गुणी आहे बाई तुमच्या बहिणीचा," ती म्हणाली.

"बादलीतली झाडं ती," ताई म्हणाली. "माझ्याच बादलीतली."

"तेच म्हणते मी. टाकलेल्यातून उभं केलं."

ताईला कळलं, आपण बोलायला गेलो आणि माप धाकटीच्या पदरात पडलं.

साहेब घरी आले ते निवृत्तीच्या कागदांवर सह्या घ्यायला. ताईचा गुडघा धरला होता म्हणून तेच आले. कागद बाजूला राहिले, ते गॅलरीत गेले आणि नेमके तिथंच उभे राहिले.

"हे काय आहे बाई?"

ताईनं तोंड उघडलं. बहिणीचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. "घरचंच आहे," ती म्हणाली.

"आणि हे तुम्ही आम्हाला कधी दाखवलं नाहीत. दाराच्या भिंतीवर हेच हवं. असे सहा करा. झाडं झाडांसारखी, जंगलात असतात तशी एकमेकांना चिकटून."

धाकटी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. कप साहेबांच्या हातात दिला, साखर पुरे आहे ना विचारलं आणि आत गेली. रात्री जेवतानाही त्यावर एक अक्षर काढलं नाही. ती भांडली असती तर ताईला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवसापासून ताई कामाला लागली. तिनं सहा साली निवडल्या, तीस झाडं निवडली, तीही काचघरातली धडधाकट. बांधणी अशी केली की दोरा शोधून सापडू नये. मग ती तीस वर्षं करत आली तेच तिनं केलं. प्रत्येक साल पाण्याच्या हौदात बुडवली, मनात वीसपर्यंत मोजलं, बाहेर काढली. काचघरात एका हौदाला एक जात असे. वीस म्हणजे वीस, कुणाची तक्रार नसे.

सहाव्या आठवड्यात वरची जाड पानं बुडातून काळी पडली. तिनं बुडवणं कमी केलं, तर तळाची पातळ पानं पापडासारखी कुरकुरीत झाली. पाइप घेऊन फिरणारा माळी तिच्या मागं उभा राहून बराच वेळ बघत होता.

"बाई, वरचा मजला कुजला, खालचा वाळला," तो म्हणाला. "मधले भाडेकरू तेवढे सुखी दिसतात."

"तुझं पाणी बघ तू."

"माझं पाणी सगळ्यांना सारखं, म्हणून तर मला पाइप दिलाय."

त्या संध्याकाळी ताई घरी आली ती चप्पल न काढता स्वयंपाकघराच्या दारात थांबली. गॅलरीत धाकटी चहाच्या जुन्या किटलीनं पाणी घालत होती. सालीच्या मध्यावर धार धरली होती. पाणी ओघळत तळाशी जात होतं आणि तळाचं पिटुकलं झाड ते सगळं पीत होतं. वरच्याला तिनं फक्त ओल्या बोटांनी दोन शिंतोडे मारले.

"वरच्याला का नाही घालत?" ताईनं विचारलं.

"ते नको म्हणतं."

"बोलतं वाटतं तुझ्याशी."

"मूळ बघते गं. पांढरं झालं की तहान, हिरवं असलं की पुरे. वरच्याचं पांढरं झालं तरी पान ताठ असतं, म्हणून थांबते. म्हणूनच त्याला वर बांधलं, पाणी तिथं थांबतच नाही." किटली खाली ठेवून ती म्हणाली, "तूच सांगितलं होतंस की. शिकाऊ मुली घरी आल्या होत्या तेव्हा. मी आत काजं करत होते."

ताईला ते आठवलं. प्रत्येक शब्द तिचाच होता. तीस वर्षं ती हे मुलींना शिकवत आली आणि स्वतः वीसपर्यंत मोजत आली. ज्ञान आपलं आणि उपयोग दुसरीचा, याहून जिव्हारी लागणारं काय असतं. परक्या माणसानं मात केली तर त्याला पाण्यात तरी पाहता येतं. ही तर आपलंच वाक्य आपल्याला परत देत होती, धुऊन, इस्त्री करून.

भिंत आठ दिवसांत लावायची होती. नवीन साल तयार व्हायला चार महिने लागतात.

"ती मला दे," ताई म्हणाली. "भिंतीसाठी."

"ने की. तुझीच झाडं आहेत."

मागताना जितकी लाज वाटली नव्हती तितकी ते उत्तर ऐकून वाटली. निदान थोडी कुरकुर करावी, आढेवेढे घ्यावेत. काहीच न धरणाऱ्या माणसाकडून हिसकावून तरी काय घ्यायचं.

साहेब भिंतीपाशी आले तेव्हा मधोमध ती साल टांगलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना ताईनं घरच्या आपल्या अकरांपैकी चार लावली होती, जागा भरायला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, एक सांगू का? तीस वर्षं तुमचं काम बघतोय. नीटनेटकं, शिस्तीचं, बोट ठेवायला जागा नाही. पण जीव ओतलेला दिसला तो इथं. पहिल्यांदाच. शेवटी शेवटी का होईना, तुमचा हात मोकळा झाला."

ताई ऐकत राहिली. हे सगळं तिच्या नावावर चाललं होतं आणि तिच्या तीस वर्षांवरून वरवंटा फिरत होता. बहिणीचं कौतुक बहिणीच्या नावानं झालं असतं तर ती जळली असती, सवयीप्रमाणे, आणि सोसलंही असतं. पण आता साहेब तिलाच सांगत होते की ती या एका सालीपुढं आजवर काहीच नव्हती, आणि वर त्याबद्दल तिनं आनंदी व्हावं अशी त्यांची अपेक्षा होती.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"धाकट्या बहिणीचं आहे. माझं ते." तिनं डावीकडं बोट दाखवलं. एका सालीवर एकच झाड, सरळ, ताठ. "चौदा वर्षांचं आहे. दर वर्षी फुलतं, एकदाही चुकलेलं नाही. याच्यात नसेल ओतलेला जीव. चौदा वर्षं टिकलाय मात्र."

साहेबांनी त्या झाडाकडं पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट. "त्या दिवशी घरी बोलला नाहीत."

"नाही बोलले."

ते पाटीच्या रिकाम्या जागेकडं वळले. "मग पाटीवर?"

"ज्याचं त्याच्याखाली लिहा. तिचं तिच्याखाली. आणि असे सहा हवे असतील तर तिला बोलवा, मला नाही जमत."

खरेपणाचं श्रेय घ्यावं असं तिच्या मनात काही नव्हतं. तिला फक्त आपली तीस वर्षं त्या सालीखालून ओढून काढायची होती. ती वर्षं निघाली खरी, पण ओढताना काचघराचं दार धाकटीला उघडं झालं, हे तिच्या ध्यानात आलं ते साहेब गेल्यावर.

सोमवारी साहेबांच्या बोलावण्यावरून धाकटी काचघरात आली. डब्यासोबत किटलीही घेऊन आली. माळ्यानं पाइप बंद केला आणि तासाभरातच तिला विचारू लागला, "ताई, इथं किती पाणी सोडू?" तो तिला ताई म्हणाला. धाकटी मुळं बघून सांगत होती आणि तो ऐकत होता. खऱ्या ताईचं त्यानं तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"मी कुठं बसू गं?" धाकटीनं विचारलं.

काचघरात बांधणीचं टेबल एकच होतं, ताईचं. ताई काही वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं कात्री, दोऱ्याची रिळं, शेवाळाचं घमेलं, सगळं एका बाजूला ओढून घेतलं. अर्धं टेबल मोकळं झालं. नीट पाहिलं तर अर्ध्याहून जरा कमीच.

"इथं बस," ती म्हणाली. "आणि माझ्या बाजूला ओल करू नकोस."