पायाळू आईची पाठ

माझी आई पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाच्या पायात गुण असतो अशी आमच्याकडे जुनी समजूत. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावात कुणाच्या कमरेत चमक भरली की तो सकाळीच आमच्या अंगणात हजर व्हायचा. आई त्याला पोत्यावर पालथं झोपवायची, एका हातानं भिंतीचा आधार घ्यायची आणि डाव्या टाचेनं कमरेवर तीनदा हलकेच दाबायची. बरेचजण उठून चालत घरी जायचे. ते कशानं व्हायचं, मला आजही सांगता येणार नाही. कॉलेजात असताना मला या सगळ्याची लाज वाटायची. मैत्रिणींना मी घरी बोलवायचेच नाही.

मागच्या हिवाळ्यात आई आमच्या शेतात वांग्यांचं कॅरेट उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. बाबांचा फोन आला, "तुही माय उठून नाई राह्यली. गाडी घेऊन ये." मी अमरावतीला शाळेत शिकवते. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि गाडी करून तिला माझ्या घरी घेऊन आले. दिवाणावर एका कुशीवर पडल्या पडल्या ती मला म्हणाली, "साऱ्या गावाले मी पाय लावला. आता मले कोन लावन व?"

खरं तर माझीही पाठ दोन वर्षांपासून धड नव्हती. वर्गात दिवसभर उभं राहायचं, मग वह्यांचे गठ्ठे स्कूटीवर घालून आणायचे. सकाळी तोंड धुवायला वाकताना बेसिनला धरावं लागे. गोळी खायची आणि शाळेत जायचं, असं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोघींचे एक्स-रे फोटो निघाले. माझी हाडं ठीक होती, स्नायू मात्र आखडलेले. आईची हाडं विरळ झाली होती आणि एक मणका थोडा दबला होता. डॉक्टरांनी औषधं दिली, आराम सांगितला, दुखणं उतरल्यावर हळूहळू व्यायाम करा म्हणाले. दीड महिन्यानं आई चालायला लागली. पण चालायची ती भिंत धरून, आणि रात्री सरळ झोपता येत नाही म्हणून बसून राहायची.

मग सल्ले सुरू झाले. माझा धाकटा भाऊ अकोल्याला असतो. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवले. त्यात एक माणूस लोकांच्या माना आणि पाठी वळवतो, कडकड आवाज येतो आणि लोक हसत उठतात. "ताई, याले कायरोप्रॅक्टिक म्हणतात. इथं अकोल्यात एक जण करते. माया साहेबाची कंबर तीन येळात मोकयी झाली," तो म्हणाला. इकडे शाळेतल्या एका मॅडमनं सांगितलं की अमरावतीतच एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, त्या ऑस्टिओपॅथी शिकून आल्यात. त्यांच्याकडे जा, ते कडकड काही नको.

मी चार संध्याकाळी वाचत बसले. एवढं कळलं की कायरोप्रॅक्टिकमध्ये सांध्याला नेमका, झटकन झटका देतात आणि ऑस्टिओपॅथीत बहुतेक वेळ हळूहळू ताणतात, दाबतात, दुखतं तिथंच नाही तर पोटाजवळ, बरगड्यांजवळही हात लावतात. पण दोन्हीकडचे लोक असं लिहितात की जणू त्यांच्याकडे आल्यावर माणसाला काही दुखणारच नाही. माझा काही निर्णय होईना.

तो आईनं केला. भावानं पाठवलेले व्हिडिओ तिनं डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, "हे तं माह्यासारखंच हाय. मी पायानं करतो, हा हातानं करते. अकोल्याले चाल."

एका रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून आम्ही अकोल्याला गेलो. भाऊ स्टेशनवर आला होता. दवाखाना एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता आणि जिना चढताना आई तीनदा थांबली. आत पस्तिशीचा, चष्मा लावलेला माणूस. मला वाटलं होतं लगेच टेबलावर झोपवेल. पण त्यानं अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. पायाला मुंग्या येतात का? लघवीला काही त्रास? कधी पडला होतात का? छोट्या हातोडीनं गुडघ्यावर टकटक केलं. मग आईचे फोटो उजेडाला धरून एकेक मणका पाहिला.

"आजी, तुमच्या पाठीला मी झटका देणार नाही," तो म्हणाला. "हाडं नाजूक झालीत. फायद्यापेक्षा धोका जास्त आहे."

आईचा चेहरा पडला, मग तापला. "इतक्या दूरून आलो तं नाई म्हनता? हात तं लावून पाहा! मी पायाळू हावो. चाळीस वर्सं लोकायच्या कंबरा दाबल्या म्या. मले समजते त्यातलं."

भाऊ ओशाळून खाली बघायला लागला. मलाही वाटलं, आता हा माणूस हसेल. तो हसला नाही. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"चाळीस वर्षांत कोणाला नाही म्हणालात का कधी?"

आई म्हणाली, "म्हनलं न. पोटुशी बाई आली तं नाई लावला पाय. झाडावरून पडलेला एक जन आनला होता, त्याचा पाय सुन्न झालता. त्याले म्हनलं, बाप्पा, तू आधी दवाखान्यात जाय. आन् लई म्हतारं मानूस असलं तं..." इथं ती अडकली.

"तं?" त्यानं विचारलं.

"तं त्याले नुस्तं तेल लावून देत होतो," आई हळूच म्हणाली. आणि स्वतःशीच हसली. "बरं. समजलं मले."

आपल्या आईला मी इतकी वर्षं ओळखत नव्हते, असं मला त्या खोलीत वाटलं. मला ती टाच तेवढी दिसली होती. टाच लावण्याआधी ती माणूस पारखून घेते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यानं मग मला तपासलं आणि माझ्या पाठीला झटके दिले. आवाज झाला तशी मी घाबरून ओरडले, पण उठले तेव्हा पाठ हलकी वाटत होती. "हाड जागेवर बसलं का?" मी विचारलं. "हाड जागा सोडून गेलंच नव्हतं," तो म्हणाला. "सांध्यातल्या हवेचा आवाज तो. बरं वाटेल, पण व्यायाम केला नाही तर पुन्हा आखडेल." आई टेबलाच्या कडेला उभी राहून त्याचे हात न्याहाळत होती. निघताना तिनं त्याला विचारलं, "अमरावतीत ते हळू हात लावणारी बाई हाय म्हन्तात, तिच्याकडं जाऊ का?" तो म्हणाला, "जा. पण हे रिपोर्ट आधी दाखवा. आणि जोरात काही करू देऊ नका."

अमरावतीच्या बाईंनी रिपोर्ट पाहिले, हाडांच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला आणि मगच आईला झोपवलं. एक हात पाठीखाली, एक बरगड्यांवर. पाच मिनिटं झाली तरी काहीच होत नव्हतं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तं नुस्ती हात ठेवून राह्यली!" बाई म्हणाल्या, "हो आजी, तुम्ही नुसता श्वास घ्या." मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले, तोवर आई घोरत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती पाठ टेकून सरळ झोपली होती. बाईंनी मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं आणि तिला तसंच झोपू दिलं.

आम्ही सात-आठ वेळा गेलो. हात लावण्यापेक्षा शिकवणंच जास्त होतं. कसं उठायचं, वाकायचं तर कुठून, उकिडवं बसण्याऐवजी स्टुलावर बसून मेथीच्या जुड्या कशा बांधायच्या. आई गावी परतली तेव्हा स्टुलाला तिचा विरोध होता. "वावरात खुर्ची मांडून बसू? लोक काय म्हनतीन?" बाबांनी बाजारातून ठेंगणा प्लास्टिकचा स्टूल आणला आणि पहिल्या दिवशी स्वतःच त्यावर बसून जुड्या बांधल्या. त्यानंतर वाद मिटला. आता तो स्टूल बाबांना मिळत नाही.

माझं म्हणाल तर अकोल्याला मी आणखी दोनदा गेले. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस छान जायचे आणि मग पाठ पुन्हा कुरकुर करायची, कारण सांगितलेला व्यायाम मी करत नव्हते. शेवटी अमरावतीच्या त्या बाईंकडे गेले. आता रोज सकाळी पंधरा मिनिटं सतरंजीवर हातपाय हलवते. बेसिनला धरावं लागत नाही. गुण झटक्याचा, हळू हातांचा, व्यायामाचा, की नुसता काळ गेल्याचा, ते मला सांगता यायचं नाही. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा; आणि मग कुणाकडेही जा, पण तो माणूस आधी प्रश्न विचारतो का ते पाहा.

आईचा मणका दबला तो दबलाच. कॅरेट ती आता उचलत नाही, दुपारी तासभर पडते. तेवढं सोडलं तर हिंडती-फिरती आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती एकदम म्हणाली, "चिखलदरा म्हन्तात तो कसा हाय व? सारी हयात या जिल्ह्यात गेली, पाह्यला नाई." आम्ही तिघं गेलो. घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हा मी तिच्या पाठीमागे उशी सरकवली. तिनं ती काढून माझ्या पाठीमागे लावली. वर पोचल्यावर कठड्यापर्यंत ती कुणाचा हात न धरता चालत गेली. खाली दरीत सागाची पानं गळलेली झाडं, त्यांच्यापलीकडे निळसर डोंगर. बाबा म्हणाले, "बस थोडी." ती म्हणाली, "तुमी बसा. मी तिकडच्या कोपऱ्यावरून पाहून येतो." आणि पदर खोचून निघाली.